जादूची किंमत कोण मोजतं, ते बघा

निपाणीजवळच्या एका खेड्यातल्या ताईंनी विचारलंय. मुलगा सहावीत, इंग्रजी माध्यमात. मे महिन्याच्या सुट्टीत मामानं हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक दिलं आणि तेव्हापासून पोरगं जादू, चेटकिणी, ड्रॅगन सोडून दुसरं काही हातात धरत नाही. आजोबा म्हणतात, हा सगळा पालापाचोळा, त्यापेक्षा थोरांची चरित्रं वाच. शाळेतल्या बाई म्हणतात, सामान्यज्ञानाची पुस्तकं द्या, पुढं परीक्षांना कामाला येतील. ताईंच्या स्वतःच्या तीन शंका आहेत. यानं अंधश्रद्धा वाढत नाही ना? एवढी खपणारी पुस्तकं खरंच चांगली असतात की नुसता गाजावाजा? आणि वाचायचीच तर मराठीत की इंग्रजीत?

ताई, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात 31 वर्षं मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे. दर रविवारी आमच्या सोप्यात पंधरावीस पोरं येतात, पुस्तकं पसरून बसतात, चहाबरोबर खारी खातात आणि पानांवर खारीचा चुरा सांडतात. मी जे सांगणार ते या पोरांकडं बघून शिकलेलं आहे.

वाचू द्या. एवढंच उत्तर हवं असेल तर ते झालं. पण 'काहीतरी वाचतोय ना, आज हे वाचेल, उद्या चांगलं वाचेल' असं म्हणणाऱ्यांतला मी आता राहिलो नाही. पालकसभेत मी स्वतः हेच बोलत आलो, कितीतरी वर्षं. मग एका पालकानं मला गप्प केलं. म्हणाला, "सर, भजी खाणारं पोरगं पुढं भाजी खातंय असं तुम्ही कुठं बघितलाय?" खरं होतं त्याचं. पुस्तक पायरी म्हणून चांगलं असतं ही पळवाट झाली. पुस्तक स्वतःच काही आहे का, ते विचारायला पाहिजे. आणि ते विचारलं, तर यातली बरीच पुस्तकं पायरी म्हणून खपवण्याची गरज पडत नाही.

मी एकच गोष्ट बघतो. त्या पुस्तकातल्या जादूला किंमत आहे का, आणि ती कोण मोजतं.

हे आपल्याला नवं नाही. आजोबांना विचारा, त्यांनी लहानपणी चांदोबा वाचला असणार. मराठी चांदोबा 1952 साली सुरू झाला, तिकडं मद्रासला छापला जायचा आणि इकडं आमच्या गावात एसटीनं यायचा. त्यातला विक्रम आणि वेताळ आठवतो? राजानं प्रेत खांद्यावर टाकायचं आणि तोंडातून शब्द न काढता चालायचं. वेताळ गोष्ट सांगणार आणि शेवटी प्रश्न टाकणार. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होणार. उत्तर दिलंस तर मौन मोडलं, वेताळ परत झाडावर. म्हणजे शहाणपणाचीही शिक्षा आणि लबाडीचीही शिक्षा. ही गोष्ट काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागरात लिहिली, आणि आज सहावीतल्या पोराला सांगितली तरी ते विचारतंच, "मग त्यानं करायचं तरी काय ओ?" हा प्रश्न पोराच्या तोंडून निघाला की माझं काम झालं. अशी कोंडी समजून घ्यायला मोठ्या माणसांनाही अर्धं आयुष्य लागतं.

आता तुमच्या मुलाच्या हातातलं पुस्तक घ्या. छडी फिरवली की सगळं मिळतं, असं न वाचणाऱ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती जादू फार कंजूष आहे. मेलेला माणूस कुठल्याही मंत्रानं परत येत नाही, आणि मालिकेचा निम्मा जीव या एका नियमात आहे. शेवटच्या भागात तिघं मित्र रानावनात उपाशी फिरतात, तेव्हा त्यातली हुशार मुलगी बजावते की अन्न शून्यातून जादूनं तयार करता येत नाही. असलेलं वाढवता येतं, कुठं आहे ते माहीत असेल तर बोलावता येतं, पण नसलेलं आणता येत नाही. आमच्या रविवारच्या पोरांपैकी एकीनं हे वाचून घरी आईला सांगितलं. आईचं उत्तर, "म्हंजे भाकऱ्या मलाच थापायच्या की!" आणि त्यातला जो खलनायक आहे, त्याला मरायचंच नाही. त्यासाठी तो खून करतो आणि प्रत्येक खुनागणिक स्वतःच्याच आत्म्याचे तुकडे पाडत जातो. अमर होतो खरा, पण उरतो किती? चौदा वर्षांच्या पोराला हे कळतं. मी शिकवत नाही, त्याला कळतं.

इंग्रज लेखक टोल्किनच्या 1937 सालच्या 'द हॉबिट'मधली अंगठी घ्या. बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो. कुठल्या पोराला नको वाटेल? मग पुढच्या मोठ्या कादंबरीत कळतं की ती अंगठी घालणाऱ्यालाच हळूहळू खात असते. उलट, मोबाइलवरच्या कितीतरी मालिकांत आणि त्यांच्यावरून काढलेल्या चकचकीत पुस्तकांत दर दहा पानांना नायकाला नवी शक्ती फुकट मिळते. अडचण आली, शक्ती मिळाली, अडचण गेली. ती पुस्तकं पोरं वाचतात आणि विसरतात. मी हिसकावून घेत नाही, पण विकत घेऊनही देत नाही.

किंमतीचं बोलतोय तर एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझं मत तिथं पक्कं झालं.

आमच्याकडं आठवीतला एक मुलगा यायचा. त्याचे वडील ट्रकवर होते. अनमोडच्या घाटात अपघात झाला तेव्हा हा क्लीनरच्या जागेवर बसला होता. त्याला खरचटलं फक्त. वर्षभर पोरगं बोलायचंच नाही. शाळेत यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं, घंटा झाली की जायचं. कोणी जवळ घेतलं, कोणी समजावलं, एका शिक्षकानं तर भर वर्गात 'आता तू घरचा कर्ता' म्हणून भाषण दिलं. पोरगं अजूनच मिटलं.

रविवारी तो माझ्याकडं यायचा तो आईनं पाठवलं म्हणून. कोपऱ्यात बसून मराठीतला हॅरी पॉटर वाचायचा, एकेक भाग दोन दोन महिने. पाचव्या भागात शाळेच्या बग्ग्या ओढणारे घोडे येतात. हाडं वर आलेले, काळे, वटवाघळासारख्या पंखांचे. इतकी वर्षं सगळ्यांना वाटत असतं की बग्ग्या आपोआप चालतात. त्या वर्षी हॅरीला ते घोडे अचानक दिसायला लागतात, बाकीच्यांना दिसत नाहीत, आणि त्याला वाटतं आपलं डोकं फिरलं. पुढं उलगडा होतो. ज्यानं कुणाला तरी डोळ्यांदेखत मरताना पाहिलंय, त्यालाच ते दिसतात.

त्या रविवारी तो पुस्तक घेऊन माझ्यासमोर आला. पानात बोट घालून ठेवलं होतं. म्हणाला, "सर, हे घोडे मला दिसतील की ओ."

मी काहीच बोललो नाही. सुचलंच नाही. तो तिथंच खाली बसला आणि मग त्यानं घाटातली ती रात्र सांगितली. पाऊस कसा होता, वायपर कुठं अडकत होता, वडील शेवटचं काय बोलले. अर्धा तास बोलत होता. रडला नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "त्यातली एक पोरगी आहे, तिलापण दिसतात. तिची आई गेलेली असती." त्याला सोबत मिळाली होती. वेड लागल्यासारखं वाटणारी जी गोष्ट तो एकटा बाळगून होता, तिला एका लेखिकेनं आकार दिला होता, पंख दिले होते, आणि बग्गीला जुंपून कामालाही लावलं होतं.

ताई, हे काम थोरांची चरित्रं करत नाहीत. त्यांची कामं वेगळी आहेत, मोठी आहेत, मी नाकारत नाही. पण चरित्रातला माणूस शेवटी जिंकतो हे पोराला आधीच ठाऊक असतं, आणि त्याच्या दुःखावर कुठंतरी पुतळा उभा असतो. स्वतःचं दुःख पुतळ्याशेजारी नेऊन ठेवायला पोरं लाजतात. हाडांच्या घोड्याशेजारी ठेवायला लाजत नाहीत.

हे पळणं आहे, वास्तवापासून तोंड फिरवणं आहे, असा आरोप फार जुना आहे. टोल्किननं 1939 साली स्कॉटलंडमध्ये परीकथांवर व्याख्यान दिलं, त्यात त्यानं याचं उत्तर दिलंय. त्याचं म्हणणं असं की टीका करणारे दोन माणसांची गल्लत करतात. रण सोडून पळालेला शिपाई एक, आणि तुरुंगातून सुटू बघणारा कैदी दुसरा. मला यात एवढंच जोडायचंय की आमचा तो मुलगा पळून जिथं गेला, तिथं त्याला घाटच भेटला.

भीतीचंही तसंच. तिसऱ्या भागात एक प्राणी आहे, तो समोरच्याला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते त्याचं रूप घेतो. त्यावर उपाय एकच, त्या रूपाला हास्यास्पद करायचं. एक घाबरट मुलगा आपल्या खडूस मास्तराला आजीचे कपडे चढवतो आणि वर्ग खदखदतो. मी पोरांना म्हटलं, तुमचं लिहा. आमच्या भीमगडच्या बाजूच्या गावांत अस्वलं येतात, माणसांना फाडतात, तेव्हा एका मुलानं अस्वल लिहिलं. पुढं काय केलं त्याचं? त्याच्या गळ्यात कंडक्टरची पिशवी अडकवली, आणि ते अस्वल गर्दीच्या बसमध्ये लोकांना "चिल्लरे कोड्री, चिल्लरे कोड्री" म्हणत ढकललं जातंय. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तो मुलगा अजून रानाच्या वाटेनंच शाळेला जातो. अस्वलाची भीती गेली असं नाही, जाऊही नये. पण रात्री स्वप्नात येणारं अस्वल सुट्टे पैसे मागायला लागलं, असं त्याच्या आजीनं मला सांगितलं.

आता अंधश्रद्धेचं. ही शंका विचारल्याबद्दल बरं वाटलं, कारण आपल्या भागात ती पोकळ नाही. लिंबू-मिरची, करणी, देवऋषी, अंगात येणं, सगळं आजूबाजूला आहे. महाराष्ट्रानं 2013 मध्ये आणि कर्नाटकानं 2017 मध्ये याविरुद्ध कायदे केले, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना दुखणं एकच. पण बुवा काय म्हणतो बघा. तो म्हणतो, हे खरं आहे, प्रश्न विचारू नकोस, आणि किंमत तू मोज. गोष्ट म्हणते, हे खोटं आहे, हवे तेवढे प्रश्न विचार, आणि किंमत नायक मोजेल. माझ्या बघण्यात तरी जी पोरं जादूच्या गोष्टी भरपूर वाचतात, ती नियमांच्या बाबतीत वकील होतात. "असं कसं? मागच्या भागात तर म्हणाली होती की असं करता येत नाही!" हे पोरगं उद्या बुवासमोर बसलं तर पहिल्या पाच मिनिटांत बुवाची माणसं त्याला उठवून लावतील. गोष्ट आणि थाप यांतला फरक गोष्टी ऐकूनच कळतो. ज्याला गोष्टीच मिळाल्या नाहीत, त्याला थापेची गोडी लागते.

सात-आठ वर्षांच्या आतलं मूल मात्र खरं-खोटं सरमिसळ करतं, त्याला अंधाऱ्या गोष्टी एकट्यानं वाचायला देऊ नयेत. तुमचा मुलगा त्या वयाचा नाही.

खपाबद्दल विचारलंत. गाजावाजा असतोच, पेन, कंपास, दप्तरं, सगळ्यावर ती चित्रं असतात, त्यात पैसा आहे. पण एक आकडा सांगतो. हॅरी पॉटरचा पहिला भाग 1997 साली ब्रिटनमध्ये आला तो 223 पानांचा होता. पाचवा भाग 766 पानांचा. जाहिरातीच्या जोरावर पुस्तक घरात आणता येतं, सातशे पानं वाचून घेता येत नाहीत. ज्या पोरांना आम्ही आठ पानांचा धडा चार तासिकांत ढकलत शिकवतो, ती हे वाचतात, आणि मध्येच उठवलं तर चिडतात. इतका वेळ एका जागी बसून एकच धागा धरून ठेवायची ताकद, ती सामान्यज्ञानाच्या पुस्तकानं येत नाही. तिथं प्रत्येक ओळ सुटी असते. परीक्षेलाही शेवटी उतारा वाचूनच उत्तर द्यायचं असतं, हे शाळेतल्या बाईंना माझ्याकडून जरूर सांगा, पण हळू सांगा.

दोषही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर दलाली खातात. एनिड ब्लायटनची जादूची झाडं मला आवडतात, पण दहा पुस्तकांनंतर एकच पुस्तक दहा वेळा वाचल्यासारखं होतं. रोआल्ड डालच्या 1964 सालच्या चॉकलेट कारखान्याच्या गोष्टीतले बुटके कामगार पहिल्या आवृत्तीत आफ्रिकेतून आणलेले दाखवले होते. लोकांनी बोट ठेवल्यावर त्यानं पुढं ते बदलले. सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात, 1956 सालच्या, एका बहिणीला त्या जादूच्या देशात घेतलं जात नाही, आणि कारण म्हणून तिची लिपस्टिक आणि मोजे पुढं केले जातात. माझ्या रविवारच्या पोरींनी हे वाचून त्या लेखकाला जी नावं ठेवली ती मी इथं लिहीत नाही. आणि हॅरी पॉटरमध्ये जाड पोरगं म्हणजे हावरट आणि मठ्ठ, हे सरसकट आहे. आमच्याकडं एक गुबगुबीत मुलगा येतो, तो पहिल्या दोन प्रकरणांत गप्प झाला होता. हे दोष झाकू नका. पोराबरोबर बोला. जेवताना बोला, खास बसवून नको.

त्याच मालिकेत 'शुद्ध रक्ता'चा माज असलेली माणसं आहेत आणि साध्या घरातून आलेल्या हुशार मुलीला ती एका घाणेरड्या शब्दानं हिणवतात. या जागी मी कधीच काही समजावत नाही. वर्गात कोण कुणाच्या डब्यातलं खात नाही, हे पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. एकदा एक मुलगी ते पान वाचून झाल्यावर नुसतं म्हणाली, "तिकडंपण असतंय म्हणा की."

आता भाषेकडं येतो. आपल्या भागातल्या पोरांचं काय होतं, ते पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळत नाही. घरात आपली मराठी, जिला पुण्याची पाहुणी नाक मुरडते. दुकानात, बसमध्ये, कचेरीत कन्नड. शाळेत इंग्रजी. पोरगं तीन लिपी वाचतं आणि तिन्हीकडं कुणीतरी त्याला सुधारत असतं. 'असं नाही म्हणायचं, तसं म्हण.' दिवसभर. मग ते अशा पुस्तकात शिरतं जिथले निम्मे शब्द लेखकानं मनानं बनवलेत. मगल, क्विडिच, हॉबिट. हे शब्द लंडनच्या पोरानंही पहिल्यांदाच ऐकलेले असतात. इथं कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. शब्द अडला तर पुढं जायचं, दोन पानांत कळेल, ही सवय पोराला लागते. नवी भाषा शिकताना याच सवयीवर सगळं उभं असतं. परक्या शब्दाला न घाबरणं ही आपल्या सीमेवरच्या पोरांची तशीही जात्याच कमाई आहे. या पुस्तकांत तिला पहिल्यांदा मान मिळतो.

नंदगडच्या बाजूची एक मुलगी येते. तिनं वहीच्या मधल्या दोन पानांवर एका काल्पनिक देशाचा नकाशा काढला. मलप्रभा नदी जशीच्या तशी, फक्त ती उलटी, डोंगराकडं वाहते. वेशीवर दार. मी विचारलं, दारावरचा राखणदार कुठली भाषा बोलतो? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच मूर्ख. "त्याला कुठलीच येत नाही सर. शिट्टी वाजवायला लागती." बोर्डावर कुठलं नाव वर आणि कुठलं खाली यावरून ज्या भागात माणसांची डोकी फुटली, तिथल्या बारा वर्षांच्या मुलीनं काढलेला हा तोडगा आहे. मी तिला पैकीच्या पैकी दिले असते, पण रविवारी मार्क नसतात.

तेव्हा मराठी की इंग्रजी, याचं उत्तर : आधी मराठी, कानानं. हॅरी पॉटरचं मराठी भाषांतर भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं काढलंय. पहिल्या भागाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. हा परीस बघा, लोखंडाचं सोनं करणारा, आपल्या अभंगांतून आलेला. पोराला तो शब्द आजोबांकडून विचारून यायला लावा. रोज रात्री पाच पानं तुम्ही मोठ्यानं वाचा. तो इंग्रजी पुस्तक वाचतोच आहे, तिथं जे निम्मं निसटतंय ते इथं हाताला लागेल. भाषांतराची मराठी पुस्तकी वाटेल, वाचताना तुम्ही आपल्या बोलण्यात फिरवून घ्या, काही बिघडत नाही. मुलगा इंग्रजी माध्यमात असल्यानं त्याची मराठी वाचायची गती कमी असणार. म्हणून कानानं. गती आपोआप येते, गोष्ट पुढं काय होते हे कळायची घाई झाली की पोरगं आईच्या हातातून पुस्तक ओढून घेतं.

आणि फक्त परदेशी देऊ नका. सँडविच खाऊन बोर्डिंग शाळेत राहिल्याशिवाय साहस घडतच नाही, अशी पोरांची समजूत होते. आपल्या मातीत कमी नाही. नागपंचमीची ती कहाणी घ्या, जिच्यात माहेर नसलेल्या सुनेला न्यायला नाग मामा होऊन येतो. पाताळात तिच्या हातून दिवा पडतो, नागाच्या पोरांच्या शेपट्या भाजतात. ती लांडोबा-पुंडोबा मोठी होऊन सूड घ्यायला येतात, आणि दारात ऐकतात की ही बाई आपल्यासाठीच देवाकडं मागणं मागतेय. यात किंमत आहे, चूक आहे, क्षमा आहे, आणि माहेर नसलेल्या बाईचं दुःख आहे. 'आटपाट नगर होतं' म्हटलं की आपण वेशीतून आत गेलेलो असतो. नार्नियात शिरायला कपाटाचं दार लागतं.

विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' मिळाला तर घ्याच. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण पोरांना घरी करायला लावा, चादर आणि झाडू पुरतो. आपल्या बेळगावच्या इंदिरा संतांची 'गवतफुला' ही कविता पोरांना पाठ असते, पण तीही माणसानं लहान होऊन फुलाशी बोलण्याची कल्पनाच आहे, हे कुणी सांगत नाही. कन्नड कवी कुवेंपूंची 'बोम्मनहळ्ळीची किंदरीजोगी' ही गोष्ट आहे. उंदीर घालवणाऱ्याला गावानं कबूल केलेला पैसा दिला नाही, म्हणून तो गावची पोरं घेऊन गेला. मागं राहिलं ते एक लंगडं पोर. मूळ कथा युरोपातली, पण तुमच्या मुलाच्या कन्नड शाळेतल्या मित्रांना ती आपलीच वाटते, आणि त्यांच्याशी बोलायला त्याला एक विषय मिळेल. आणखी एक. ए. के. रामानुजन हे मोठे कवी 1950च्या दशकात बेळगावात इंग्रजी शिकवत होते आणि तेव्हा लोककथा गोळा करत फिरायचे. त्यांनी जगापुढं आणलेल्या कन्नड कथांत एक मुलगी आहे, अंगावर पाणी ओतलं की तिचं फुलांचं झाड होतं. ते पाणी जपून ओतायचं असतं, फांदी मोडायची नसते. नणंद निष्काळजीपणा करते, फांद्या मोडते, आणि मुलगी परत माणूस होते ती हातापायांशिवाय. पुन्हा तेच, जादूला किंमत, आणि इथं ती मोजते तिची काही चूक नसलेली बाई. दहावीच्या मुलींना ही गोष्ट सांगितली की सोप्यात टाचणी पडलेली ऐकू येते.

माझ्याही खात्यावर एक चूक आहे, ती लिहून टाकतो. 1994 साली मी एका मुलाच्या गणिताच्या पुस्तकातून चांदोबा काढून घेतला, वर्गासमोर फाडला नाही, पण कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. परत द्यायचा राहिला. नंतर त्या मुलानं शाळा सोडली. निवृत्त होताना कपाट रिकामं केलं तेव्हा तो अंक सापडला, वाळवी लागलेला, वेताळाच्या पानापर्यंत. शाळांची कपाटं अशीच असतात. एका शाळेत मी पाहिलंय, अनुदानातून आलेली दोनशे पुस्तकं तपासणीला पूर्ण दिसावीत म्हणून कुलपात, आणि पोरांना शिवायची बंदी.

तेव्हा पुस्तकं कुठून आणायची, तेही सांगतो. सातही भागांचा संच एकदम घेऊ नका. महाग पडतो, आणि शेवटचे भाग अंधारे आहेत, त्यांत माणसं मरतात. सहावीला पहिले तीन पुरेत, चौथा सातवीत, पुढचे आठवीत. मूल पुस्तकाबरोबर एकेक वर्षानं मोठं व्हावं अशीच त्यांची बांधणी आहे. गावच्या ग्रामपंचायतीत अरिवु केंद्र, म्हणजे पंचायतीचं वाचनालय, असेल तर मुलाचं नाव घाला. पुस्तकं बहुतेक कन्नड असतील, पण चित्रांची भरपूर असतात आणि त्याच्या कन्नडला बरंच. बेळगावला येणं झालं तर 1848 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथं मुलाला बरोबर न्या, तुम्ही एकट्या जाऊन निवडून आणू नका.

आजोबांचं राहिलं. त्यांच्याशी वाद घालू नका. वीज गेली की त्यांना एवढंच विचारा की विक्रमानं त्या पहिल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं होतं, आणि नातवाला जवळ बसू द्या. चरित्र त्यांनी नंतर वाचून दाखवावं, पोरगं ऐकेल. आणि पुस्तकावर खारीचा चुरा पडला तर झटकून टाका, ओलं फडकं लावू नका, कागद फुगतो.